जुनं बचत खातं सोडून पोस्टात गेले, त्याला आठ महिने झाले

माझं बचत खातं दहा वर्षं तालुक्याच्या गावी एका बँकेत होतं. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. फाट्यापर्यंत दोन किलोमीटर पायी, मग एसटी. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून भाडं जाणवत नाही, पण दिवस जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत बँकेची एक खेप म्हणजे त्या दिवसाची सगळी वेचाई बुडाली. हे आधी सांगते, कारण मी खातं हलवलं ते व्याजासाठी नाही.

दुसरं कारण कपात. लाडकी बहीणचे १५०० रुपये त्याच खात्यात यायला लागले आणि मी पहिल्यांदा पासबुक नीट वाचलं. किमान शिल्लक नाही म्हणून १७७ रुपये, म्हणजे १५० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे. कार्डाचे वेगळे. आम्हाला कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. किमान शिल्लक नाही म्हणून बँक खातं उणे करू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. पण खात्यात पैसे आले की कपात होतेच, आणि आमच्या खात्यात पैसे यायचे ते हेच.

डिसेंबर २०२४ मध्ये गावच्या पोस्टात गेले. डाकसेवक भाऊंनी सगळ्यात आधी एक गोष्ट सांगितली, ती खूप कामाची निघाली. "ताई, पोस्टाचं बचत खातं अन् पोस्टाच्या बँकेचं खातं, हे दोन वेगळे हायेत बरं." पोस्टाच्या बचत खात्याला ४ टक्के व्याज आणि किमान ५०० रुपये ठेवावे लागतात. त्या व्याजाचा हिशेब महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असते तिच्यावर होतो, म्हणून भरणा करायचा तर १० तारखेच्या आत करावा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक ही १ सप्टेंबर २०१८ ला देशभर सुरू झालेली वेगळी बँक. तिथे दिवसअखेर दोन लाखांपर्यंतच ठेवता येतात, वरची रक्कम जोडलेल्या पोस्टाच्या बचत खात्यात वळते. मी दोन्ही उघडून एकमेकांना जोडली. सरकारी पैसे पोस्टाच्या बँकेत येतात, साठवायचे ते बचत खात्यात टाकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन खातं उघडलं म्हणून लगेच जुनं बंद करू नका. आधार कार्डाची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे सरकारी पैसे तिथेच येतील, असं नसतं. पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत आधारला जे खातं शेवटचं जोडलं असेल तिथे, आणि अशी नोंद एका वेळी एकाच बँकेची असते. माझ्या जाऊबाईंनी कुठल्याशा कामासाठी एक खातं उघडलं, फॉर्मवर सगळीकडे सह्या केल्या. दोन महिने पैसे आलेच नाहीत म्हणून घरात रडारड झाली. पैसे त्या नव्या खात्यात पडून होते. मोबाईलवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. मी ते पाहिलं, नवीन खात्यात एक हप्ता जमा होऊ दिला, मगच पुढचं पाऊल टाकलं.

तरी जुनं खातं जूनपर्यंत ठेवलंच, ते विम्यासाठी. पंतप्रधान जीवनज्योती या जीवन विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे, म्हणजे अपघात विम्याचे, २० रुपये दर मेअखेर त्याच खात्यातून कापले जायचे, आणि संरक्षण १ जून ते ३१ मे असं चालतं. मध्येच खातं बंद केलं असतं तर दोन्ही विमे तिथेच संपले असते. जीवनज्योतीत नव्याने नाव घातलं की पहिले ३० दिवस अपघाताशिवाय झालेल्या मृत्यूला दावा मिळत नाही. माझी दोन लेकरं आहेत, मी हे सहज घेऊ शकत नव्हते. मेच्या सुरुवातीला जुन्या बँकेत कपात थांबवायचा अर्ज दिला आणि पोस्टात दोन्ही विमे नव्याने घेतले. ते ३० दिवस पाऊस पडेपर्यंत जिवाला घोर होता.

बंद करायला तीन खेपा लागल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा लिंक नाही. तिसऱ्यांदा पासबुक शेवटच्या ओळीपर्यंत छापून घेतलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या, मग पासबुक, कार्ड आणि उरलेले चेक देऊन अर्ज केला. शिल्लक नवीन खात्यात पाठवायला लावली. खातं बंद झाल्याचं शिक्क्यानिशी लिहून घेतलं. "कशाला बंद करता बाई, राहू द्या ना पडून," असं बाबू म्हणाले. पडून राहिलेलं खातं दोन वर्षांनी निष्क्रिय होतं आणि मग पुन्हा खेपा घालाव्या लागतात. मला ते नको होतं.

आठ महिन्यांत कपात अशी दिसली नाही. पैसे काढायला घर ते पोस्ट पाच मिनिटं. पोस्ट चार-पाच तासच उघडं असतं आणि रोकड मर्यादित असते, म्हणून मोठी रक्कम हवी तर आदल्या दिवशी सांगून ठेवते. आधारच्या अंगठ्यावर एका वेळी १० हजारांपर्यंतच निघतात.

पण पोस्टाची ही बँक कर्ज देत नाही, तिला ती परवानगीच नाही. यांचं पीककर्ज तालुक्याच्या बँकेतच आहे आणि तिथेच राहणार. ज्यांचं कर्ज आणि बचत एकाच ठिकाणी आहे त्यांनी आधी तिथल्या शाखेत विचारावं.

सासूबाईंचं खातं अजून हलवलं नाही. चाळीस वर्षं कापसाच्या पऱ्हाटीत गेलेली बोटं, यंत्रावर अंगठा उमटत नाही. कधी तर्जनी चालते, कधी हात धुऊन पुसला तर चालतो. पोळा झाला की त्यांना आधार केंद्रात नेऊन ठसे नव्याने द्यायचे आहेत, वेचणी सुरू व्हायच्या आत, बोटांवर रेषा आहेत तोवर.