आजोबांची बारा बोर ठेवावी का? शस्त्र परवान्याच्या कायद्यांचा तुलनात्मक आढावा

ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या पट्ट्यात परवान्याच्या बंदुकीला संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे मोल अधिक आहे, आणि हे शासनही ओळखून आहे. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना परवान्यात प्राधान्य देण्याची योजना प्रशासनाने आखली होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काही जुन्या मराठी घरांतही आजोबांची बारा बोर, म्हणजे गुळगुळीत नळीची छऱ्यांची बंदूक, कपाटात असते आणि वडील थकले की ती आपल्या नावावर करून घ्यावी, नवे रिव्हॉल्वर मागावे की सगळेच जमा करून मोकळे व्हावे, हा प्रश्न पुढे येतो. निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात: शस्त्र घरी ठेवणे आणि ते अंगावर घेऊन फिरणे. बहुतेक देशांचे कायदे याच रेषेवर एकमेकांपासून फाटतात.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा वाटतो तितका एकसारखा कडक नाही. वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, तर नकार देण्यासारखे कायदेशीर कारण नसल्यास परवाना द्यावा, असे कलम १३ सांगते; रिव्हॉल्वरसाठी मात्र पुरेसे कारण आहे याची खात्री अधिकाऱ्याला पटवावी लागते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात पोलिसांचा अहवाल आणि जिल्हाधिकाऱ्यांचा विवेक यांवरच बरेच अवलंबून राहते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, ही तरतूदही त्याच दुरुस्तीतली. आमच्या भागात तिची आठवण लग्नसराईत जरा मोठ्याने करून द्यावी लागते.

ब्रिटनमध्ये हा सगळा हिशेबच उलटा आहे. मार्च १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी पिस्तुले जवळपास पूर्णपणे बंद केली, आणि आत्मसंरक्षण हे कारण तिथे सर्वसाधारणपणे ग्राह्य धरले जात नाही. ऑस्ट्रेलियानेही १९९६ मध्येच, पोर्ट आर्थरमधील हत्याकांडानंतर, आत्मसंरक्षण हे कारण अमान्य करण्याची भूमिका घेतली. आपल्या अर्जात सर्वांत आधी लिहिले जाणारे कारण तिकडे अर्ज फेटाळला जाण्यास पुरेसे ठरेल. जपान आणखी पुढे जातो: सामान्य नागरिकाला पिस्तूल मिळतच नाही, शिकारीच्या बंदुकीसाठी वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी पार करावी लागते, आणि रायफल मागायची तर साधारणपणे त्याआधी दहा वर्षे साधी बंदूक बाळगलेली असावी लागते.

स्वित्झर्लंडचे नाव आपल्याकडे ‘तिथे घरोघरी बंदुका आहेत’ असे म्हणून घेतले जाते, परंतु ते अर्धेच खरे आहे. सैन्यसेवेतील अनेक नागरिक रायफल घरी ठेवतात, तरी सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्यासाठी प्रत्यक्ष धोका दाखवून लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. मला हीच मांडणी सर्वांत विचारपूर्वक वाटते, कारण ती मालकाच्या प्रामाणिकपणाइतकीच त्याच्या हाताचीही परीक्षा घेते. आपल्या २०१६ च्या नियमांतही सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आहे, पण अर्जदारांची सारी धडपड त्यापेक्षा शिफारशीसाठीच अधिक चालते.

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा १७९१ पासून घटनात्मक हक्क आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर शस्त्र नेण्यासाठीची ‘विशेष कारण दाखवा’ ही न्यूयॉर्कची अट रद्द केली, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ नागरिक परवान्याविना पिस्तूल अंगावर लपवून फिरू शकतो. मात्र ज्यांची मुले तिकडे एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी हे नीट वाचावे: अशा तात्पुरत्या व्हिसाधारकाला संघराज्य कायद्याने शस्त्र जवळ ठेवण्यासही सर्वसाधारणपणे मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राने हौसेने हाती दिलेली बंदूकही अडचणीत आणू शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही विशिष्ट मनाई राहत नाही.

ग्वाल्हेरच्या घराला यातून काय घ्यायचे? रोख रकमेची ने-आण किंवा खरी धमकी नसेल तर नव्या रिव्हॉल्वरच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निवडणूक आली की शस्त्र पोलीस थाण्यात जमा करा, पावती सांभाळा, नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, हा व्याप शहरात राहणाऱ्याला फारसा परवडत नाही. बारा बोरचे वेगळे आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो, म्हणून वडील असतानाच कलेक्टोरेटमध्ये अर्ज करणे सोयीचे. वारसाने परवाना न घेता बंदूक कपाटातच राहू दिली, तर तो विनापरवाना शस्त्राचा गुन्हा ठरू शकतो. ठेवायचीच नसेल तर विलंब न लावता जवळच्या थाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.