एईडी: शूरवीर नसलेल्यांसाठी बनवलेलं यंत्र

पडद्यावरचा नायक मॉनिटरवर सपाट रेषा दिसताच शॉक देतो आणि रुग्ण डोळे उघडतो. खरं एईडी (ऑटोमेटेड एक्सटर्नल डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या शॉकने सुधारणारं यंत्र) अशा वेळी शॉक द्यायला साफ नकार देतं, कारण सपाट रेषेत सुधारण्याजोगी लयच नसते. हृदय नुसतं थरथरत असेल किंवा खालचे कप्पे बेफाम वेगाने धावत असतील, तेव्हाच ते शॉक देतं. हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडलेला नाही. यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यायचे ते इथेच.

१९६५ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी रुग्णवाहिकेतून नेता येणारा डिफिब्रिलेटर वापरात आणला, तेव्हा त्याचं वजन ७० किलोच्या घरात होतं. आजचं यंत्र एका हाताने उचलता येतं आणि सुरू केलं की बोलून एकेक पायरी सांगतं. छाती उघडी करा, शॉक पोचवणारा एक चिकट पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. घाम पुसायचा, औषधाची पट्टी असेल तर काढायची, दाट केस असतील तर भरकन वस्तरा फिरवायचा. नाहीतर पॅड नीट चिकटत नाही आणि यंत्र 'पॅड तपासा' एवढंच घोकत बसतं.

मात्र यंत्र आणलं म्हणजे काम झालं असं समजू नका. खरी मेहनत हातांची, म्हणजे छाती दाबण्याची आहे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली. नवखे लोक दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहतात; छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही. दमल्यावर दाब उथळ होतात आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एकटा पहिलवान अडून बसण्यापेक्षा आलटून पालटून दाबणारे चार साधे लोक केव्हाही बरे. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. शॉकनंतर नाडी शोधत बसू नये, लगेच पुन्हा दाबायला लागायचं.

सर्वात महागात पडते ती सुरुवातीची चूक: रुग्ण अधूनमधून आचके देतो आणि लोकांना वाटतं, श्वास चालू आहे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल, तर आपत्कालीन सेवेला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्याला यंत्र आणायला पळवायचं आणि दाबायला लागायचं. कुणीच दाबत नसेल तर शॉकला उशीर होणाऱ्या दर मिनिटामागे जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

उणीव म्हणायची तर देखभालीची. पॅडवरची जेल वाळते, म्हणून पाकिटावर मुदत छापलेली असते. बॅटरीलाही मुदत असते. यंत्र स्वतःची तपासणी करून दिवा दाखवतं, पण तो बघणारं कुणीतरी नेमलेलं हवं.

यंत्र घेताना ते बोलतं ती भाषा तिथल्या लोकांना कळते का, हे आधी ऐकून बघा. मुलांसाठी वेगळे पॅड किंवा बटण आहे का, तेही विचारा. सोबत कात्री, वस्तरा आणि टॉवेल ठेवा. पेटीला कुलूप नको.