हमरस्त्यावर तापणाऱ्या जुन्या गाडीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर कितपत उपयोगी

माझ्याकडे जुनी, डिझेल इंजिनाची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. खडकाळ चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर रखडत चालवली तरी तिचा तापमानाचा काटा मधोमध असे. मात्र हमरस्त्यावर ताशी ९० किलोमीटरचा वेग धरला की वीस-पंचवीस मिनिटांत तोच काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागे आणि वेग ६० वर आणताच पुन्हा खाली येई. एका गॅरेजमध्ये आधी फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा इंजिनाला जोडणारा भाग) बदलला गेला, नंतर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला गेला, आणि दोष जिथल्या तिथे राहिला. त्यानंतर मी पिस्तुलाच्या आकाराचा, हातात धरून वापरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. हे परीक्षण त्याचे आहे, आणि तेही केवळ या एका कामापुरते.

हमरस्त्यावरचे तापणे वेगळे का असते, हे आधी सांगितल्याशिवाय या उपकरणाचे मोल कळणार नाही. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना रेडिएटरमधून हवा खेचण्याचे काम पंख्याला करावे लागते, त्यामुळे पंखा किंवा फॅन क्लच बिघडला असेल तर इंजिन गर्दीत तापते. वेग वाढल्यावर समोरून येणारा वाराच पुरेसा होतो आणि पंख्याचे महत्त्व उरत नाही. म्हणूनच माझ्या गाडीचा फॅन क्लच बदलणे हा मुळातच चुकलेला नेम होता. वेगात इंजिनाकडून मागितली जाणारी शक्ती मात्र झपाट्याने वाढते. हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ८० वरून १०० वर जाताना ती जवळजवळ दुप्पट होते, आणि खोक्यासारख्या चौकोनी, टपावर कॅरिअर असलेल्या, मोठे टायर चढवलेल्या गाडीत मुळातच हा विरोध मोठा असतो. एवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी इंजिन थंड करणारे पाणी पुरेसे फिरले पाहिजे आणि रेडिएटरचा सगळा पृष्ठभाग कामाला लागला पाहिजे. यांपैकी काय कमी पडते आहे, हे शोधणे म्हणजेच निदान.

मी घेतलेल्या थर्मामीटरची मोजमर्यादा उणे ५० ते ३८० अंश सेल्सिअस आहे आणि अंतर व ठिपक्याचे गुणोत्तर १२:१ आहे. याचा अर्थ ६० सेंटिमीटरवरून नेम धरला तर ते सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या भागाचे सरासरी तापमान दाखवते. लाल लेझरचा बिंदू फक्त नेम धरण्यासाठी आहे. मोजमाप त्या बिंदूचे होत नाही, त्याच्या आसपासच्या वर्तुळाचे होते. होज पाइपसारखी बारीक वस्तू मोजताना उपकरण अगदी जवळ नेले नाही, तर मागच्या थंड किंवा गरम भागाची सरमिसळ आकड्यात होते. माहितीपत्रकात ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे, ती ठळकपणे सांगायला हवी होती.

गाडी हमरस्त्यावर तापवून, सुरक्षित जागी थांबवून, इंजिन बंद न करता मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर धरून मी मोजणी केली. रेडिएटरची वरची टाकी १०१ अंश होती आणि खालची ७९. एवढी मोठी तफावत पाणी संथ फिरत असल्याची खूण असते, कारण रेडिएटरमध्ये जास्त वेळ रेंगाळलेले पाणी जास्त थंड होऊन बाहेर पडते. याउलट दोन्ही टोके सारखीच तापलेली असती, तर पाणी नीट फिरते पण उष्णता हवेत जात नाही असे समजून मी रेडिएटरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमध्ये (फिन्स) अडकलेला चिखल आणि जाळीपुढचे अडथळे पाहिले असते. पाणी संथ असण्याची कारणेही अनेक असतात: पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेल्या पात्यांचा वॉटर पंप, किंवा आतून बुजलेल्या नळ्या. थर्मोस्टॅट नवा होता. म्हणून मी समोरच्या जाळीतून रेडिएटरच्या कोरवर (पाण्याच्या नळ्यांच्या मधल्या भागावर) डावीकडून उजवीकडे हळूहळू थर्मामीटर फिरवला. दोन-तृतीयांश भाग अपेक्षेप्रमाणे गरम होता, पण एका कडेची पट्टी अचानक ६० अंशांच्या आसपास उतरली. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. हळू वेगात उरलेल्या नळ्या पुरत होत्या, हमरस्त्यावर त्या कमी पडत होत्या. इतके दिवस ज्या प्रश्नाने छळले त्याचे उत्तर दहा मिनिटांत समोर आले, आणि त्या क्षणी झालेला आनंद मी विसरू शकत नाही. कोर बदलून घेतल्यानंतर त्याच वेगाला काटा मधून हललेला नाही.

मात्र आंधळेपणाने विश्वास ठेवला तर हेच उपकरण दिशाभूल करते. ते वस्तूने उत्सर्जित केलेल्या अवरक्त किरणांवरून तापमान काढते आणि त्यासाठी उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग असे किरण किती चांगले बाहेर टाकतो याचे प्रमाण, ०.९५ गृहीत धरते. काळे रबर, रंगवलेला धातू आणि मळकट ओतीव लोखंड यांच्या बाबतीत हे गृहीतक चालते. चकचकीत ॲल्युमिनिअम किंवा पितळेच्या बाबतीत ते पार कोलमडते. माझ्या इंजिनावरील थर्मोस्टॅटचे ॲल्युमिनिअमचे झाकण हात लावता येणार नाही इतके तापले असताना थर्मामीटर ४८ अंश सांगत होता. त्यावर मॅट काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावल्यावर आकडा ९० च्या वर गेला. माझ्या उपकरणात उत्सर्जकता बदलण्याची सोय नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. नवीन घेणाऱ्याने ती सोय असलेलेच घ्यावे. अचूकता तपासण्यासाठी भांडेभर ठेचलेल्या बर्फात थोडे पाणी घालून, ढवळून त्याच्या पृष्ठभागावर नेम धरला, तेव्हा १ अंश दिसला. या कामासाठी तेवढी चूक चालण्यासारखी आहे.

दुसरी मर्यादा उपकरणाच्या स्वभावातच आहे. धावत्या गाडीच्या बोनेटखाली ते मोजू शकत नाही आणि थांबताच इंजिनावरचा भार नाहीसा होतो, त्यामुळे वेगात नेमके काय घडले ते निसटते. खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत चेपला जाणे हे हमरस्त्यावर तापण्याचे जुने, ठरलेले कारण आहे. ते डोळ्यांनीच पाहावे लागते, किंवा पाइपमधली स्प्रिंग शाबूत आहे का हे बोटांनी दाबून तपासावे लागते. रेडिएटरची कॅप दाब धरते की नाही हेही थर्मामीटर सांगत नाही. ०.९ बारच्या कॅपने साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११९ अंशांपर्यंत जातो, आणि कॅप सैल असेल तर ते १०० लाच उकळू लागते. त्यासाठी प्रेशर टेस्टरच हवा. हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) शंका असेल तर कूलंटमधील, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या द्रवातील, ज्वलनवायू ओळखून रंग बदलणारे रसायन वापरावे लागते. आणि गरम इंजिनाची कॅप कोणत्याही मोजणीसाठी उघडू नये.

एका बाबतीत मात्र याला तोड नाही, ती म्हणजे डॅशबोर्डवरील काटा खरे बोलतो आहे का हे पाहणे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये तापमान आणि इंधन हे दोन्ही काटे १० व्होल्टच्या एकाच स्टॅबिलायझरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर) चालतात आणि तो बिघडला की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवू लागतात. अशा वेळी सेन्सरजवळच्या रंगवलेल्या भागावर थर्मामीटर धरला की इंजिन खरोखर तापले आहे की नाही ते लगेच कळते. प्रवासात थांबल्यावर चारही चाकांचे ड्रम मोजण्याचीही मला आता सवय लागली आहे, कारण चिकटून राहिलेला ब्रेक इंजिनावर सतत भार टाकतो आणि ते एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते.

उत्सर्जकता बदलण्याची सोय नसल्यामुळे मी याला पाचपैकी साडेतीन गुण देतो. जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्याने हे जरूर घ्यावे, सोबत काळ्या चिकटपट्टीचे एक रीळ ठेवावे, आणि गाडी ठणठणीत असतानाच वरच्या व खालच्या टाकीचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. माझ्या वहीतील नव्या कोरचे आकडे ८८ आणि ८० असे आहेत.