द्रव ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हसाठी तीन रॉड: शिरोलीच्या लेथवरून

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या वर्कशॉपकडे गेल्या वर्षी द्रव ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हसाठी नमुन्याच्या काही सीट (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यावर टेकून गळती थांबते ते कडे) कातून देण्याचे काम आले. बिडाच्या कास्टिंगवर हात बसलेल्या कोल्हापुरी माणसाला प्लॅस्टिकची रॉड म्हणजे किरकोळ काम वाटते, आणि मलाही ते तसेच वाटले होते. पीटीएफई, पीसीटीएफई आणि पीक (PEEK) या तीन प्लॅस्टिकच्या रॉड कातून आणि तपासून पाहिल्यावर जे मत झाले, ते येथे मांडतो.

पीटीएफई, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले टेफ्लॉन, माहितीपत्रकात अजिंक्य दिसते: २६० अंश सेल्सिअसपर्यंत सतत वापर, घर्षण अत्यल्प, आणि विमानाच्या हायड्रॉलिक प्रणालीतील फॉस्फेट एस्टर द्रवालाही ते दाद देत नाही. मात्र सततच्या दाबाखाली हा पदार्थ हळूहळू सरकत राहतो आणि आज घट्ट बसलेली सीट काही काळाने ढिली पडते. यालाच कोल्ड फ्लो म्हणतात. आमची खरी फजिती मात्र वेगळ्याच कारणाने झाली. सुमारे १९ अंशांना पीटीएफईची स्फटिकरचना बदलते आणि त्याचे आकारमान एक टक्क्याच्या आसपास वाढते. डिसेंबरच्या गार सकाळी मायक्रोमीटरने तपासून पास केलेले ६० मिलिमीटर व्यासाचे कडे दुपारी सुमारे दोन दशांश मिलिमीटरने मोठे भरले, आणि दोष मी आधी ऑपरेटरला दिला. आता मापे घेण्यापूर्वी कडी २३ अंशांच्या खोलीत रात्रभर ठेवतो.

शिवाय खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत पीटीएफई लांबीत सुमारे दोन टक्के आकसते, तर स्टेनलेस स्टील जेमतेम ०.३ टक्के, त्यामुळे साध्या सीटची पकड थंडीत सुटते. आत स्प्रिंग बसवलेल्या सीलच्या आवरणासाठी मात्र ते उत्तम आहे, कारण तेथे आकसण्याची भरपाई स्प्रिंग करते.

या कामासाठी माझी पसंती पीसीटीएफईला आहे. ते पीटीएफईपेक्षा कडक आहे, दाबाखाली कमी सरकते, थंडीत कमी आकसते आणि वायूला आपल्यातून फारसे झिरपू देत नाही. जुन्या ड्रॉइंगवर ‘केल-एफ’ लिहिलेले दिसले, तर तो हाच पदार्थ. त्या नावाचे उत्पादन १९९० च्या दशकातच थांबले. पीसीटीएफई सुमारे २१० अंशांनाच वितळते, त्यामुळे टूल धारदार हवे. प्रक्रियेत ते फार सावकाश थंड झाले, तर स्फटिकता वाढून ठिसूळपणा येतो, म्हणून रॉड कशी बनली याची नोंद मागणे आवश्यक ठरते.

नेमके येथेच पुरवठादाराने निराश केले. दोनदा मागूनही पीसीटीएफईच्या रॉडसोबत लॉटचे प्रमाणपत्र आले नाही. ‘माल तोच आहे, साहेब’ एवढेच उत्तर फोनवर मिळाले. पॅकिंग आणि वेळेबाबत तक्रार नाही, पण विमान-अवकाश क्षेत्रात कागदाविना रॉड म्हणजे भंगारच.

पीक कातायला तिघांत सर्वांत सुखाचे. ते ३४३ अंशांना वितळते, गरम आणि जास्त दाबाच्या व्हॉल्व्हसाठी ते निःसंशय योग्य आहे. पण ते इतके कडक आहे, की गळती थांबवण्यासाठी समोरचा धातूचा पृष्ठभाग लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, आरशासारखा करावा लागतो आणि बसवण्याचा भारही जास्त द्यावा लागतो. रफ टर्निंगनंतर ॲनिलिंग (तापवून सावकाश थंड करून आतला ताण काढणे) टाळले, तर कडे अंडाकार होते. ऑक्सिजनच्या संपर्कात मी त्यापेक्षा फ्लोरिनयुक्त पदार्थांवरच भरवसा ठेवतो, कारण ते सहजी पेट घेत नाहीत; अर्थात तेही तेलाचा अंश पूर्ण धुऊन काढल्यावरच.

नमुन्याच्या सीट शेवटी प्रमाणपत्रासह आलेल्या दुसऱ्या पुरवठादाराच्या पीसीटीएफईमधून कातल्या. पहिली रॉड लाल पट्टी मारून फिक्स्चरच्या बुशसाठी बाजूला ठेवली आहे.