सोलर बसवून घेतला: पॅनेलबद्दल थोडं, डब्यांबद्दल जास्त

माझी सगळी नोकरी कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगमध्ये गेली. त्यामुळे सोलरचं काम बघताना माझी नजर आधी डब्यांकडे जाते. गच्चीवर ३.३ किलोवॅटची सिस्टीम बसवून घेतली आहे, ५५० वॉटची ६ पॅनेल, एकच स्ट्रिंग (सगळी एकामागोमाग जोडलेली). पॅनेल ठीक, स्ट्रक्चर सरळ, बोल्ट स्टेनलेसचे. एवढं आता बहुतेक सगळेच नीट करतात. डीसीडीबी (पॅनेलकडून येणाऱ्या डीसी विजेचा डबा), एसीडीबी (पुढच्या एसी विजेचा डबा) आणि डीसीचं एसी करणारा इन्व्हर्टर कुठे लावायचे इथे मात्र माणसामाणसात फरक पडतो, म्हणून हे लिहिते आहे.

टीमचा मुख्य कारागीर तरुण होता, हाताला सफाई होती. तो म्हणाला, "ताई, डीसीडीबी पॅनेलखालीच मारतो. सावली मिळेल, पाऊस लागणार नाही, केबलपण वाचेल." ऐकायला बरं वाटतं. पण भर उन्हात पॅनेलची पाठ आजूबाजूच्या हवेपेक्षा २५-३० अंशांनी जास्त तापते. त्या गरम हवेत डबा कोंडायचा आणि त्याला सावली म्हणायचं? शिवाय उद्या एसपीडी (सर्ज, म्हणजे अचानक उसळणारं व्होल्टेज, अर्थकडे वळवणारा भाग) उडाला तर तो बदलायला कोणी पोटावर सरपटत जायचं? अमेरिकेच्या विद्युत संहितेत पॅनेलमागच्या डब्यांसाठी वेगळं कलमच आहे, ६९०.३४. आतल्या वायरिंगपर्यंत थेट हात पोचला पाहिजे, नाहीतर पॅनेल बाजूला करून तरी पोचता आलं पाहिजे. त्यासाठी ते पॅनेल सुटणाऱ्या फास्टनरवर आणि लवचिक वायरिंगवर असलं पाहिजे. आमच्याकडे मधला एक क्लॅम्प दोन पॅनेल धरून ठेवतो. एक काढायचं तर शेजारचंही सैल होणार. हे दाखवल्यावर त्याने वाद घातला नाही. डबा जिन्याच्या खोलीच्या सावलीतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला आला. केबल थोडी जास्त लागली, ती त्याने कुरकुर न करता ओढली. याचे पूर्ण गुण.

एसीडीबी आणि इन्व्हर्टरही त्याच भिंतीला. घरगुती एमसीबीचं (करंट वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) रेटिंग ३० अंश तापमान धरून दिलेलं असतं. उन्हात लावलेला डबा आतून ६० वर गेला की तोच एमसीबी कमी करंटला ट्रिप होतो आणि मग लोक इन्व्हर्टरला शिव्या घालतात. इन्व्हर्टरच्या खाली-वर आणि बाजूंना मोकळी जागा त्यांनी मॅन्युअल उघडून, टेप लावून मोजली. हे मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

भोकांचा प्रसंग सांगायलाच हवा. कंड्युट (केबलचा पाइप) वरून येत होता म्हणून मदतनीस सरळ डब्याच्या डोक्यावर ड्रिल लावायला निघाला. मी तोंड उघडायच्या आत मुख्य कारागिराने त्याचा हात धरला. डबा आयपी६५ आहे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याला तो टिकतो. पण डोक्यावर एक भोक पाडलं की तो आकडा फक्त स्टिकरवर उरतो. सगळ्या केबल खालून घेतल्या, प्रत्येकीला स्वतंत्र ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळणारं बूच). आत शिरण्याआधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे ओघळ तिथेच गळून पडतो. रिकामी भोकं प्लगने बंद केली. तळाला छोटा ड्रेन ठेवला, त्यावर सिलिकॉन फासलं नाही. डबा दिवसा तापतो, रात्री निवतो, निवताना दमट हवा आत ओढतो. ते पाणी बाहेर पडायला वाट लागतेच.

आतलं वायरिंग मी स्वतः तपासलं. सहा पॅनेल मिळून ओपन सर्किटला जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सर्किट तोडताना पडलेली ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही, म्हणून तिथे डीसीचाच एमसीबी लागतो, तोही प्लस-मायनस छापलेला असेल तर त्याच दिशेने जोडलेला. इथे दोन्ही बरोबर होतं. एसपीडीची अर्थ वायर मात्र वेटोळं करून आत कोंबली होती. एसपीडीच्या जोडवायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, वेटोळं तर नकोच. नाहीतर सर्जच्या क्षणी त्या वायरीवरचंच व्होल्टेज इन्व्हर्टरला जाऊन भिडतं. कापून सरळ करून घेतली. डीसीडीबी ते इन्व्हर्टर केबल १० मीटरच्या बरीच आत आहे, म्हणून एसपीडीचा दुसरा संच लावावा लागला नाही.

आता तक्रार. एसीडीबीचं झाकण पावसाच्या पाइपाला आपटून अर्धंच उघडत होतं. "उघडतंय की, ताई," असं उत्तर मिळालं. उघडतं, पण त्यात स्क्रूड्रायव्हर सरळ धरता येत नाही, आणि तिरका धरून आवळलेलं टर्मिनल पुढे तापतं. कार्यालयात दोनदा फोन करावा लागला, मग डबा हातभर सरकवला. जुनी भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली, रंगीत भिंतीवर. असो.

एसी बंद केला तरी उन्हात डीसी बाजू जिवंतच असते, हे सांगणारं लेबल डीसीडीबीवर नव्हतं. मागितल्यावर लावलं, छापील आणि ठळक. सिंगल लाइन ड्रॉइंग (सगळी जोडणी साध्या रेषांत दाखवणारा आराखडा) अजून मिळालेलं नाही. ते एसीडीबीच्या झाकणाच्या आत चिकटवून द्या, एवढं या लोकांना आधीच सांगून ठेवा. पाचपैकी चार.