घर-तपासणीच्या अहवालातील शब्द आणि त्यांची उकल

घर विकत घेण्यापूर्वी इमारतीची तांत्रिक पाहणी करून देणाऱ्या एका सेवेचा अहवाल मी नुकताच घेतला. अहवाल चाळीस पानांचा असला, तरी माझा सर्वाधिक वेळ शेवटच्या सहा पानांवर गेला, कारण तेथे अहवालातील प्रत्येक तांत्रिक शब्दाचा अर्थ दिलेला आहे.

बैठकीच्या खोलीतील भिंतीवर पांढरी भुकटी होती आणि विक्रेत्याच्या मते तो जुना चुना होता. अहवालाने त्याला ‘लोणा’ म्हटले. जोत्यातील ओल रोखणारा थर निकामी झाला, की जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते, बहुधा मीटरभराच्या आत थांबते आणि सुकताना सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर सोडते, असे शब्दार्थांत सांगितले आहे. आमचा पांढरा पट्टा गुडघ्याच्या वीतभर वर संपत होता, त्यामुळे छताच्या गळतीवरचा माझा संशय तेथेच मिटला.

‘स्थिरावणे’ आणि ‘खचणे’ यांतील भेदही नेमका मांडला आहे: पहिल्यात इमारतीच्या भाराने जमीन दबते आणि ही हालचाल सहसा काही काळाने थांबते, दुसऱ्यात पायाखालची मातीच आकसते किंवा फुटक्या नळाच्या पाण्याने वाहून जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली २ मिमी रुंदीची भेग त्यांनी पहिल्या प्रकारात टाकली, कारण भेगेच्या आत जुना रंग शिरलेला होता, म्हणजे ती मागच्या रंगकामाच्या आधीची होती आणि त्यानंतर रुंदावलेली नव्हती. (हे मला दोन भेटींत दिसले नव्हते.)

ओलावामापकाची नोंद मात्र निष्काळजी वाटली. सुयांचा मापक विद्युतरोध मोजतो आणि त्याची टक्केवारी लाकडासाठी बेतलेली असते; गिलाव्यावर ती केवळ तुलनेपुरती उपयोगी, आणि क्षार असलेल्या भिंतीवर तर फुगलेलीच येते. असे असताना त्याच लोणा लागलेल्या भिंतीपुढे ‘२४ टक्के’ असा आकडा खुलाशाविना छापला आहे.

‘पुढील तपासणी आवश्यक’ हा शेरा अकरा ठिकाणी आहे, पण ती कोणाकडून करून घ्यावी हे कोठेही नाही. दूरध्वनी केल्यावर त्यांनी नऊ बाबी प्लंबरकडे आणि दोन संरचना अभियंत्याकडे न्याव्यात, असे विनातक्रार सांगितले. ही विभागणी अहवालातच असती, तर मी पाच तारे दिले असते, तूर्त चार.