मुंबई की पुणं? चिपळूणकराने दिलेले स्टार

मे महिना आणि दिवाळी आली की आमच्या चिपळुणात हाच विषय, पोरांना घेऊन जायचं कुठे, मुंबईला की पुण्याला, आणि मग ज्याचा भाऊ पुण्यात तो पुणं पुणं करतो, ज्याचा मामा परळला तो मुंबई. म्हटलं एकदा सरळ रिव्ह्यूच टाकू. नोकरी, फ्लॅट, कॉलेज, पाणी ह्यातलं काही धरलेलं नाही. शहर दिसतं कसं आणि बघायला काय आहे, एवढ्यावरच मार्क.

कोकणातला माणूस मुंबईला शंभर वेळा गेलेला असतो पण मुंबई बघितलेली नसते. दादरला नाहीतर ठाण्याला उतरायचं, लोकल धरून डोंबिवली नाहीतर नालासोपारा, तिथे बारसं नाहीतर साखरपुडा, केईएमला कोणाला तरी बघून यायचं की परत गाडी. पुण्याला मात्र तोच माणूस ठरवून फिरतो, शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, येताना बाकरवडी. त्यामुळे पुणं बघण्यासारखं आणि मुंबई म्हणजे नुसती गर्दी असं आपल्याकडे पक्कं बसलंय. मला हे अजिबात पटत नाही. नुसत्या दिसण्यावर बोलायचं तर मुंबई पुण्याच्या खूप पुढे आहे.

सुरुवात उतरण्यापासूनच करू. पुण्याला आपली एसटी कुंभार्ली घाट चढून कराड साताऱ्यावरून स्वारगेटला येते. स्वारगेटला उतरल्यावर काय दिसतं? रिक्षा, उड्डाणपूल, आणि 'कुठे जायचंय काका' विचारणारे चार जण. आता खाली मेट्रो झालीय (2024 पासून), ती चकाचक आहे, पण ती जमिनीखाली. उलट मुंबईला कधीतरी दादर ठाणे सोडून सीएसएमटीपर्यंत जाणारी गाडी पकडा आणि बाहेर पडून रस्त्यापलीकडून मागे वळून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या इंजिनिअरने केलेलं हे स्टेशन, 1878 ला काम सुरू, बांधायला दहा वर्षं, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी घडवलेले मोर, माकडं, पानं फुलं, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ (सिंह इंग्रजांचा, वाघ आपला). 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्याच्यातून रोज लाखो माणसं डबा सांभाळत धावतायत, वर कोणी बघत पण नाही. समोर महापालिकेची बिल्डिंग, ती पण ह्याच स्टीव्हन्सची. म्हणजे अजून तुम्ही चहा पण प्यायला नाहीत आणि दोन बघण्यासारख्या गोष्टी झाल्या, तिकीट शून्य.

तिथून चालत ओव्हल मैदान. ही जागा मुंबईत सगळ्यात भारी असं माझं मत, आणि आपली माणसं इथे कधीच येत नाहीत. मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, सगळं दगडी, टोकदार, कोरीव. दुसऱ्या बाजूला 1930-40 च्या काळातल्या गुळगुळीत गोल कोपऱ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या बिल्डिंगा, ज्याला आर्ट डेको म्हणतात. मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. ह्या दोन्ही रांगा मिळून 2018 ला जागतिक वारसा झाल्या. राजाबाई टॉवर 1878 चा, प्रेमचंद रायचंद शेठनी पैसे दिले आणि नाव आईचं दिलं. पोरांना एवढं सांगितलं तरी पोरं वर बघायला लागतात.

मग संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. आपल्याला समुद्राचं कौतुक काय, गुहागर आपल्यापासून तासाभरावर, असं म्हणणारे खूप आहेत. पण गुहागरला तुम्ही समुद्र बघता आणि इथे कठड्यावर समुद्राकडे पाठ करून शहर बघायचं. साधारण एकाच उंचीच्या त्या बिल्डिंगांची वळत गेलेली रांग, दिवे लागायची वेळ, ह्यासाठी मी मुंबईला सगळे स्टार द्यायला तयार आहे. आता कोस्टल रोड पण झालाय, तिथून कारने वरळीपर्यंत सुसाट जाता येतं आणि उजवीकडे टॉवरच टॉवर. लोअर परळला जिथे आपल्या आज्यांच्या गिरण्यांच्या चिमण्या होत्या तिथे आता काचेच्या बिल्डिंगा. त्या मला सुंदर वाटत नाहीत, पण बघण्यासारख्या आहेत हे खोटं का बोला.

घारापुरीच्या लेण्यांना जा म्हणजे जाच. गेटवेवरून बोट, तासभर लागतो, पुढे पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसांना जड जातात. आत जवळजवळ वीस फुटांचं तीन मुखांचं शिवाचं शिल्प, तिथे आमच्याकडची बडबडी आत्या पण गप्प झाली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ह्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती आता भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. पोरं पेंग्विन बघायला धावतात आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मुंबईचे मार्क कुठे कापले ते पण सांगतो. फूटपाथ असून नसल्यासारखे, अर्ध्या शहराला कसलं ना कसलं काम चालू म्हणून पत्रे लावलेले, चांगल्या दगडी इमारतीच्या तोंडावर बॅनर. गेटवेजवळ एका हॉटेलात साध्या चहा सँडविचचं बिल बघून आमचे काका दिवसभर तेच बोलत होते, त्यामुळे जवळच्या छत्रपती शिवाजी महाराज म्युझियमचं त्यांना काही आठवत नाही.

आता पुणं. रस्त्यावरून पुणं दिसायला काहीच नाही, हे पुणेकर मान्य करणार नाहीत पण तसंच आहे. टू व्हीलर, खड्डा, दुकानांच्या पाट्या. शनिवारवाड्याची भिंत आणि खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा बाहेरून बघितला की वाटतं आत केवढं काय असेल, आणि आत गेलं की जोती आणि गवत. कारण 1828 च्या आगीत आतलं सगळं गेलं. हे आधी माहीत असेल तर मजा येते, नसेल तर 'ह्याच्यासाठी तिकीट काढलं?' असं होतं. त्यात आपल्याला थोडा अभिमान पण आहे बरं का, वाडा बांधणाऱ्या बाजीरावांचं भट घराणं आपल्या श्रीवर्धनचं, नाना फडणवीसांचं घराणं वेळासचं. म्हणजे पुण्याला आकार दिला तो खाडीकाठच्या माणसांनी, आणि आता तेच पुणेकर आपल्याला विचारतात की कोकणात रेंज येते का.

पुण्याला आत शिरावं लागतं, आणि कोणीतरी माहीतगार नेणारं लागतं. जंगली महाराज रोडवर एवढा ट्रॅफिक आणि त्याच्या कडेला पायऱ्या उतरलं की पाताळेश्वर, आठव्या शतकातलं, एकाच कातळात खोदलेलं, पुढे गोल छताचा नंदीमंडप, आत थंडगार. बस थांब्यावर उभ्या असलेल्या अर्ध्या लोकांना पण माहीत नसेल. राजा केळकर म्युझियम तर मी दोन्ही शहरांतलं सगळ्यात आवडतं म्हणेन. वीस हजारांवर वस्तू एका माणसाने जमवल्या आणि संग्रहाला लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव दिलं. अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं, मस्तानी महालसुद्धा. मुंबईचं ते गेटवेजवळचं म्युझियम मोठं आहे, इमारत पण देखणी (गेटवे ज्याने काढला त्याच जॉर्ज विटेटची), पण तिथे आपण पाहुणे वाटतो. केळकरमध्ये आजीच्या माळ्यावर चढल्यासारखं वाटतं. आगाखान पॅलेस पण चुकवू नका, कमानी आणि झाडं सुंदर आहेतच, पण 1942 ते 44 गांधीजींना इथे डांबलेलं, कस्तुरबा आणि गांधीजींचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई इथेच गेले, समाध्या मागच्या बाजूला आहेत. तिथे सेल्फीवाले पण आवाज कमी करतात.

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढा आणि वरून बघा. मुंबईला समुद्राने तीन बाजूंनी धरलंय म्हणून ती उंच गेली, पुण्याला अडवायला कोणी नाही म्हणून ते सगळीकडे पसरलंय. टेकड्या तेवढ्या मध्ये मध्ये हिरव्या राहिल्यात, आणि संध्याकाळी त्यांच्यावर फिरायला मिळतं, ही गोष्ट मुंबईच्या पोराला सहज मिळत नाही.

एक गंमत बघा, दोन्ही शहरांतल्या जुन्या बाजारांना महात्मा फुल्यांचं नाव. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट 1869 चं, पुण्याची मंडई 1886 ची, आणि त्या मंडईच्या खर्चाला पुण्याच्या नगरपालिकेत खुद्द फुल्यांचाच विरोध होता. इथे मी पुण्याला जिंकवलं. अष्टकोनी मनोऱ्याखाली अजून भाजी विकतात, बाजूला तुळशीबाग आहे, घरातल्या बायकांना दिवसभर दुसरं काही लागत नाही.

खाण्यावर जास्त बोलत नाही, मासे खाऊन वाढलेल्या माणसाला पुण्यात मिसळ आणि मस्तानी मिल्कशेक पुरे. सिंहगडावरचं पिठलं भाकरी आणि मडक्यातलं दही मात्र फुल मार्क.

तर स्टार. दिसण्याला मुंबई साडेचार, पुणं अडीच. आत जाऊन बघण्याच्या गोष्टींना पुणं चार, मुंबई पण चार, पण मुंबईत त्या लांब लांब आहेत. लहान पोरं आणि चालायला तयार माणसं असतील तर मुंबई, आणि ह्या वेळी नातेवाईकाकडे न उतरता फोर्टच्या आसपास लॉज बघा, नाहीतर सगळा वेळ लोकलमध्ये जाईल. आईवडील बरोबर असतील तर पुणं, फक्त पर्वती त्यांच्यासाठी सोडा. घारापुरी सोमवारी बंद असते आणि पावसात बोटींचा भरवसा नाही. पुण्यात बाकरवडीसाठी चितळ्यांचं दुकान पूर्वी दुपारी एक ते चार बंद असायचं, ते 2017 पासून उघडं असतं.